हातपाय गार का पडतात, हे घरी कसे ओळखावे

हातपाय गार पडले की आपण आधी ते शेकतो आणि ऊब आली की विषय विसरून जातो. कारण शोधायचे असेल, तर शेकायला बसण्यापूर्वी दोन मिनिटे बोटांकडे नीट पाहावे. गारवा दोन्ही बाजूंना आहे की एकाच बाजूला, बोटांचा रंग बदलला आहे का, आणि दुसऱ्या कोणी हात लावला तर त्यालाही ती गार लागतात का, हे तीन प्रश्न त्या वेळी विचारावेत. शेक घेतल्यावर त्यांची उत्तरे पुसली जातात, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोटे अगदी शहाण्यासारखी गुलाबी होऊन बसतात.

ग्वाल्हेरात राहणाऱ्यांना हा विषय परका नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या दगडी फरश्या पायांना चावतात, कित्येक दिवस धुके दुपारपर्यंत उठत नाही, किमान तापमान ५ अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते, आणि पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा सकाळी रजईबाहेर यायला तयार होत नाही. अशा हवेत बोटे गार पडली तर त्यात आजार शोधत बसण्याचे कारण नाही. मात्र ‘ठंडीच आहे’ या एका उत्तराखाली आपल्याकडे पुष्कळ काही झाकले जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतानाही ज्याचे पाय गार लागतात, त्यालाही आपण ‘प्रकृतीच तशी’ म्हणून सोडून देतो.

शरीर काय करते

मेंदू, हृदय, यकृत आदी आतल्या अवयवांचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखणे हे शरीराचे पहिले काम असते. बाहेर थंडी पडली की त्वचेजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उबदार रक्त आत राखून ठेवले जाते. याची पहिली झळ बोटांना बसते, कारण त्यांच्यात उष्णता निर्माण करणारे स्नायू फारसे नसतात, आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असतो, आणि तळहात, तळपाय, नाक व कान या ठिकाणी रक्ताचा ओघ झटकन वाढवणारी आणि तोडणारी खास जोडवाहिन्यांची व्यवस्था असते. भीती वाटली, परीक्षेला बसलो किंवा मंचावर गायला बसलो की हेच घडते, कारण त्या वेळी अंगात वाढणारे ॲड्रेनलिनही त्याच वाहिन्या आवळते. स्त्रियांचे हात पुरुषांच्या मानाने अधिक लवकर गार पडतात आणि बारीक अंगकाठीच्या माणसाला थंडी अधिक बाधते. या दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत.

म्हणून पहिली पायरी अशी, की गार हातपाय असलेल्या माणसाला उबदार खोलीत, कोरडे मोजे आणि स्वेटर घालून अर्धा तास बसवावे. तेवढ्यात दोन्ही बाजू सारख्याच उबदार झाल्या, वेदना, बधिरपणा किंवा जखम नसली, आणि एरवी माणूस ठणठणीत असला, तर तपासण्यांच्या मागे लागू नये. ऊब येत नसेल, किंवा उन्हाळ्यातही तक्रार कायम असेल, तर आठवडाभर एका वहीत वेळ, ठिकाण, रंग, त्या आधी काय खाल्ले-प्याले आणि कोणत्या गोळ्या घेतल्या, एवढे टिपून ठेवावे. डॉक्टरांना या नोंदींचा उपयोग होतो.

बोट पांढरे पडत असेल तर

माझी आत्या पहाटे मोरीत भांडी विसळायची. एका जानेवारीत मी शेजारी उभा होतो. तिच्या उजव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरी झाली होती. पांढरा भाग कुठे संपतो आणि नेहमीचा गहूवर्ण कुठे सुरू होतो, ती रेघ इतकी स्पष्ट होती, जणू बोटे कुणी चुन्यात बुडवून काढली होती. पाच-सात मिनिटांनी ती निळसर झाली, आणि हात पदरात गुंडाळल्यावर लाल होऊन ठणकू लागली. ‘अरे, ही तर माझी ठंडीची बोटं, दरसाल होतं,’ असे म्हणून ती चहा ठेवायला गेली. अंगठा मात्र सगळा वेळ जसाच्या तसा होता.

पांढरा, निळा आणि मग लाल असा हा क्रम मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधात मांडला, आणि त्याच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. थंडीने किंवा ताणाने बोटांतल्या लहान धमन्या गरजेपेक्षा जास्त आवळल्या जातात. रक्त थांबले की बोट पांढरे होते, अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की निळे पडते आणि वाहिन्या पुन्हा उघडल्या की लाल होते. तिन्ही रंग प्रत्येकाला दिसतीलच असे नाही. सावळ्या कातडीवर पांढरेपणा राखाडी किंवा नुसता फिकट वाटतो, म्हणून बोटांची तळव्याकडची बाजू आणि नखांखालचा भाग पाहावा. झटका आलेला असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. माझ्या मते या विकाराच्या निदानात घरच्या माणसाने करण्यासारखे याहून मोलाचे दुसरे काही नाही.

बहुतेकांमध्ये हा प्रकार निरुपद्रवी असतो. तो पंधरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो, दोन्ही हातांना होतो आणि बोटांवर जखमा होत नाहीत. पण चाळिशीच्या पुढे तो पहिल्यांदाच सुरू झाला, एकाच हाताला झाला, बोटांच्या टोकांना व्रण पडू लागले, कातडी घट्ट आणि चकचकीत होऊ लागली, किंवा सांधेदुखी, अंगावर पुरळ आणि गिळायला त्रास अशा तक्रारी सोबत असल्या, तर त्यामागे स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपससारखा स्वप्रतिकारक आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, असू शकतो. अशा वेळी संधिवाततज्ज्ञ नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगाखाली पाहतात आणि एएनए नावाची रक्ततपासणी करून घेतात. आत्याला हे पन्नाशीनंतर सुरू झाले होते, त्यामुळे ‘दरसाल होतं’ यावर आम्ही थांबायला नको होते. दोन हिवाळे तसेच गेल्यावर तिच्या तपासण्या झाल्या.

आणखी एक कारण आपल्या शहराच्या संदर्भात सांगण्यासारखे आहे. ग्वाल्हेरचा वालुकाश्म आणि त्यावरचे कोरीवकाम सगळ्यांना ठाऊक आहे. दगड कापणारी आणि घासणारी विजेची यंत्रे वर्षानुवर्षे हातात धरणाऱ्या कारागिरांच्या बोटांतल्या नसा आणि वाहिन्या सततच्या कंपनाने दुखावतात, आणि त्यांचीही बोटे अशीच पांढरी पडतात. अशा माणसाने डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा, कारण तो विचारला जाईलच याची खात्री नसते.

बोटे लाल-जांभळी सुजून खाजत असतील, विशेषतः पायाची, आणि रात्री रजईत गेल्यावर आग होत असेल, तर तो प्रकार निराळा. त्याला चिलब्लेन्स म्हणतात. दमट थंडीत गारठलेले पाय एकदम हिटरसमोर धरण्याची सवय त्याला खतपाणी घालते. पाय कोरडे ठेवले, हळूहळू ऊब दिली आणि खाजवले नाही, तर एक ते तीन आठवड्यांत तो बहुधा आपोआप बसतो. फोड फुटून पाणी येऊ लागल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.

दोन्ही हात, दोन्ही पाय, आणि वर थकवा

रंग बदलत नाही, पण चारही टोके सदोदित गार असतात आणि माणूस दमलेला दिसतो, तेव्हा बोटांपेक्षा रक्ताकडे आधी लक्ष द्यावे. आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पंडुरोग, म्हणजेच ॲनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या स्त्रीत १२, गरोदर स्त्रीत ११ आणि पुरुषात १३ ग्रॅमच्या खाली असले, तर त्याला पंडुरोग म्हणतात. जिना चढताना धाप लागणे, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिल्यास आतला भाग फिका दिसणे, आणि खडू, माती किंवा बर्फ खावासा वाटणे या त्याच्या घरच्या घरी दिसणाऱ्या खुणा आहेत. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या दोन तपासण्यांतून बरेचसे चित्र स्पष्ट होते.

लोहाच्या गोळीचा उपयोग व्हायचा असेल, तर ती चहाबरोबर घेऊ नये. जेवण आणि गोळी यांच्या आगेमागे तासभर चहा टाळावा, आणि जेवणात लिंबू किंवा आवळा असावा, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतिजन्य लोह शोषले जायला मदत होते. थंडीत गजक खाऊन अंग गरम राहते असे इथे घराघरांत मानतात. तीळ-गुळातून ऊर्जा मिळते हे खरे, पण पंडुरोग गजकाने बरा होईल या भरवशावर राहू नये. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी निघाले, तर नुसत्या गोळ्या घेऊन थांबणे धोक्याचे असते. पोटातून कुठे रक्त जात आहे का, हे पाहावेच लागते.

शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार दिसते. तिच्यामुळे पंडुरोग तर होतोच, शिवाय नसा दुखावून पायांना मुंग्या येतात आणि जमीन कापसासारखी लागते. दुसरे मोठे कारण थायरॉइड ग्रंथी मंद पडणे हे होय. शरीराची शेगडीच बारीक झालेली असते, त्यामुळे आहे ती ऊब जपण्यासाठी वाहिन्या आवळून राहतात. घरातल्या सगळ्यांना पंखा हवा असताना एकीलाच चादर लागते, वजन वाढते, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, केस गळतात आणि आवाज जड होतो. हे एकत्र दिसले तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. थायरॉइडची गोळी सुरू झालीच, तर ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा निदान अर्ध्या तासाने प्यावा. वजन उतरवण्यासाठी फारच कमी जेवणाऱ्या मुलींचे हातही असेच गार असतात, आणि त्यांना तपासण्यांपेक्षा आधी पोटभर जेवणाची गरज असते.

गार वाटतात, पण गार नसतात

तिसरा प्रश्न आठवावा: दुसऱ्या माणसाला काय लागते? रुग्ण म्हणतो की पाय बर्फ झाले आहेत, आणि आपण हात लावला तर ते चांगले उबदार असतात. असे असेल तर रक्ताभिसरणापेक्षा नसांचा संशय अधिक घ्यावा. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा खराब होऊन गारवा, जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा अशा खोट्या संवेदना येतात. अशा पायांना शेक देणे हीच सर्वांत मोठी चूक असते. आमच्या ओळखीतल्या एका मधुमेही काकांनी रात्री गरम पाण्याची पिशवी तळपायाशी घेऊन झोप काढली. सकाळी टाचेवर तळव्याएवढा फोड होता आणि त्यांना पत्ताही लागला नव्हता. ती जखम भरायला उन्हाळा उजाडला. मधुमेह असलेल्याने पाण्याचे तापमान पायाने न पाहता कोपराने पाहावे किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे, पिशवी व हिटर टाळून सैल लोकरी मोजे घालावेत, आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. डॉक्टरांकडे १० ग्रॅम दाबाचा एक नायलॉनचा तंतू असतो. तो तळपायाला टेकवून संवेदना कितपत शिल्लक आहे, हे दोन मिनिटांत कळते.

एकच पाय गार असेल तर

हा भाग हलक्यात घेऊ नये. थंडी कधीही एका पायाला निवडून बाधत नाही. एकच पाय गार असेल, तर त्या पायाच्या धमनीत अडथळा आहे असे धरून चालावे आणि मग तो नाही याची खात्री करून घ्यावी. पूर्वी किल्ल्याची चढण एका दमात चढणारा माणूस अर्ध्या वाटेवर पोटरी भरून आली म्हणून थांबतो, दोन-चार मिनिटांत बरे वाटते, पुन्हा तेवढेच अंतर चालल्यावर पुन्हा थांबतो. धमनी अरुंद झाल्याची ही अगदी ठळक खूण आहे. नडगीवरचे केस गळणे, नखे जाड होणे आणि बोटावरची साधी जखम महिनाभर न भरणे या पुढच्या खुणा. पाऊल आणि घोटा येथील नाडी बोटाने चाचपून दोन्ही पायांची तुलना करावी. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांनाही लागत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आले, तर डॉक्टर पुढे ध्वनिलहरींनी रक्ताचा ओघ पाहणारी डॉप्लर तपासणी सांगतात.

तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही यामागची नेहमीची कारणे. तरुण वयात विड्या किंवा सिगारेटी ओढणाऱ्यांना आणखी एक विकार गाठतो. लिओ बर्गर या डॉक्टरने १९०८ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा विकार म्हणतात. त्यात हातापायांच्या लहान व मध्यम वाहिन्या सुजून बंद होतात आणि बोटे काळी पडू लागतात. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. दिवसाला एक विडी ‘चालते’ असे समजणाऱ्याची बोटे वाचत नाहीत.

गोळ्यांचा डबा

कारण कधी कधी गोळ्यांच्या डब्यातच असते. रक्तदाब, छातीत धडधड किंवा अर्धशिशीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या गोळ्यांनी हातपाय गार पडतात, तसेच सर्दीच्या फेनिलेफ्रिन असलेल्या गोळ्यांनी आणि अर्धशिशीवरच्या अर्गोटामिनने वाहिन्या आवळल्या जातात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, कारण पहिल्या गटातली औषधे एकदम थांबवणे हृदयाला महागात पडू शकते. वहीतली नोंद दाखवून डॉक्टरांकडून ती बदलून घ्यावी.

ताप असताना

मुलाचा ताप चढत असताना कपाळ तापलेले आणि हातपाय गार, हे नेहमीचे दृश्य आहे. त्या वेळी त्याला तीन रजयांत गुंडाळू नये. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आपल्या हाताची मागची बाजू आधी त्याच्या पोटाला आणि मग तळपायाला लावून पाहावी. पोट उबदार आणि पाय गार असतील, तर बाळाला थंडी बाधू लागली आहे असे समजून आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरावे व वरून पांघरूण घालावे. पोटही गार लागले तर तसेच धरून, वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

पावसाळ्यानंतर, साधारण नोव्हेंबरपर्यंत, डेंग्यूचे दिवस असतात. त्यात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि घरचे निर्धास्त होतात. नेमक्या त्याच वेळी हातपाय गार आणि चिकट झाले, पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली किंवा माणूस सुस्तावला, तर तो बरा होत नसून त्याचा रक्तदाब कोसळत असतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

ऊब कशी द्यावी

हात गार असले तरी आधी धड आणि डोके झाकावे. बनियन, स्वेटर आणि कानटोपी घातली की शरीर रक्त राखून ठेवण्याचे सोडते आणि बोटांकडे ते पुन्हा जाऊ लागते. नुसत्या हातमोज्यांनी एवढे काम होत नाही. मोजे लोकरीचे, सैल आणि कोरडे असावेत. घट्ट मोज्यांचे दोन थर चढवल्यास आतली हवा आणि रक्त दोन्ही दाबले जातात. हात खांद्यापासून गोल फिरवावेत, पावले वर-खाली करावीत, आणि गरज पडल्यास कोमट पाण्यात बोटे धरावीत, मात्र कढत पाण्यात नाही. डिसेंबरात तानसेन समारोह या संगीत महोत्सवाला रात्री उघड्यावर बसणाऱ्यांनी पायांखाली जाड सतरंजी किंवा घडी केलेली घोंगडी ठेवावी, कारण थंडी जमिनीतून वर चढते.

अंगीठी बंद खोलीत पेटवून झोपणे हा इथला जुना आणि जीवघेणा प्रघात आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. डोके दुखून मळमळ सुरू होईपर्यंत उठून दार उघडण्याची शक्तीही उरलेली नसते. बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे.

एखादा पाय किंवा हात अचानक गार, फिका आणि बधिर झाला, तीव्र वेदना सुरू झाल्या किंवा बोटे हलेनाशी झाली, तर रक्ताची गुठळी धमनीत अडकली असण्याची शक्यता असते. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. अशा पायाला शेकू नये, चोळू नये, उंचावर ठेवू नये. १०८ वर फोन करून रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण पाय वाचवण्यासाठी साधारण सहा तासांचाच अवधी हाताशी असतो.

आत्याच्या तपासण्यांत पंडुरोग निघाला आणि रेनोचा विकारही. स्वप्रतिकारक आजाराची खूण मिळाली नाही, पण वर्षातून एकदा दाखवत राहायला सांगितले आहे. आता भांडी कोमट पाण्यात रबरी हातमोजे घालून विसळली जातात, आणि फ्रीजमधली भाजी काढण्यासाठी दाराच्या मुठीला एक जुना लोकरी मोजा कायमचा अडकवलेला असतो.